पाण्याचा ठाव घेणं म्हणजे अविश्वास नव्हे

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या आहेत, मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात १६ वर्षं स्टाफ नर्स. नालासोपाऱ्याला फ्लॅट, कर्जाचा हप्ता १८,५०० रुपये, अजून नऊ वर्षं बाकी. पगार ३९,०००, पतीचा ३४,०००. मुलगा सहावीत. सासर मालवण तालुक्यात खाडीकाठी. गेल्या वर्षी सासऱ्यांना अर्धांग झालं, तेव्हा तीन आठवडे रजा टाकून त्यांनी सेवा केली. त्या दिवसांत वाडीतली माणसं दारात येऊन विचारू लागली, "गो बाय, आमच्या म्हातारेक वायच बघून जातंस काय?" मुलं मुंबईला किंवा आखातात, घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं. सासरे गेले, घर बंद आहे. नोकरी सोडून त्याच घरात सहा खाटांचं सेवाघर काढावं, हेच देवाचं बोलावणं आहे, असं ताईंना वाटतं. प्रार्थना गटातल्या एक बाई म्हणतात, "हिशेब करणं म्हणजे अविश्वास. सासूबाईंचं सोनं गहाण ठेव, राजीनामा दे, देव झेलेल." पती म्हणतात, "देव सांगेल तेव्हा बघू." बँकेनं सोन्यावरचं कर्ज अर्ध्या तासात देऊ केलं, आणि त्याच आठवड्यात मिसेत (चर्चमधल्या उपासनेत) येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालतो ते बायबलमधलं वाचन आलं. ही खूण समजावी का? भीती वाटते म्हणजे आपला विश्वासच कमी आहे का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात दोन माणसं देवाचं नाव घेतात. एक म्हणते उडी मार, दुसरा म्हणतो थांब. ऐकायला ही दोन टोकं वाटतात, पण दोघांनीही एकच काम टाळलंय: पाण्यात दोरी सोडून ते किती खोल आहे ते बघण्याचं. तुम्ही मात्र पत्रात हप्ता, पगार, मुलाची इयत्ता सगळं लिहिलंत, आणि लिहिल्याबद्दल शेवटी माफीही मागितलीत. ती माफी परत घ्या.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय एकदा सावकाश वाचा. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला तो कुणी न समजावता कळतो. येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून तारवातून रोमला निघाला आहे. उपासाचा सण होऊन गेलाय, म्हणजे दर्या बंद व्हायचे दिवस जवळ आलेत. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते, तसाच त्यांचाही मोसम होता. पौल सांगतो, आता पुढे जाऊ नका. पण शताधिपती, म्हणजे कैद्यांवरचा रोमी अधिकारी, तारवाच्या मालकाचं आणि तांडेलाचं ऐकतो. आणि मग काय होतं? दक्षिणेचा मंद वारा सुटतो. सगळ्यांना वाटतं, काम झालं. नांगर उचलतात, आणि थोड्याच वेळात वादळ तारवाला धरतं.

तुमचं अर्ध्या तासात मिळणारं कर्ज हा तो दक्षिणेचा मंद वारा आहे. सोन्यावरचं कर्ज कुणालाही लवकर मिळतं, कारण सोनं बँकेच्या तिजोरीत जातं आणि हप्ते थकले की लिलाव होतो. ज्या दारातून जो जाईल त्याला आत घेतात, ते दार तुमच्यासाठीच उघडलं असं कसं म्हणावं? बँकेनं नकार दिला असता तर तुम्ही बोलावणंच नाही असं मानलं असतंत का? नसतं मानलंत. मग होकारालाही तेवढंच वजन द्या.

त्याच अध्यायात पुढे पौलाला देवाचं स्पष्ट वचन मिळतं: तारवातल्या कुणाच्याही जिवाला धोका नाही, नुकसान होईल ते फक्त तारवाचं. आता बघा, वचन हातात असताना लोक काय करतात. खलाशांना मध्यरात्री जमीन जवळ आल्याचा अंदाज येतो. ते बुडीद, म्हणजे खोली मोजायची वजन बांधलेली दोरी, सोडतात: वीस वाव पाणी. थोडं पुढे जाऊन पुन्हा सोडतात: पंधरा वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, साधारण सहा फूट. म्हणजे १२० फुटांवरून ९० फुटांवर. खडकावर आपटू या भीतीनं ते मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात आणि उजाडण्याची प्रार्थना करतात. खलाशी होडी घेऊन पळू बघतात तेव्हा पौलच म्हणतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. देवानं सगळे वाचतील असं सांगितलंय, आणि तरी पौलाला खलाशी हवेत. दोरी, नांगर, खलाशी आणि प्रार्थना एकाच तारवावर आहेत, आणि एकाला दुसऱ्याची अडचण होत नाही. शेवटी २७६ माणसं किनाऱ्याला लागतात, कुणी पोहत, कुणी फळ्यांवर. तारू मात्र फुटतं.

हे फुटलेलं तारू तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. देवानं माणसं राखण्याचं वचन दिलं होतं, तारू राखण्याचं नाही. तुमचं सेवाघर वर्षभरात बंद पडू शकतं. ते बंद पडलं तर देवानं फसवलं असं वाटेल का, की तो तेव्हाही तुमचा बापच असेल? हा प्रश्न आधी एकटीनं विचारा. "तो झेलेल" या वाक्यात बऱ्याचदा "माझी योजना यशस्वी करेल" एवढाच अर्थ भरलेला असतो. मंदिराच्या शिखरावर सैतानानंही येशूला हेच सांगितलं होतं, तेही शास्त्रवचन काढून: उडी टाक, देवदूत झेलतील. येशूनं ती उडी घेतली नाही, परमेश्वराची परीक्षा पाहू नये म्हणाला. गटातल्या बाईंचा हेतू वाईट नाही, त्यांचं तुमच्यावर प्रेमही असेल. पण त्या शिखराखाली उभ्या आहेत, आणि हप्ता तुमच्या खात्यातून जातो.

आता पेत्र. ते वाचन पुन्हा काढा, मत्तयचा चौदावा अध्याय. पेत्र आधी विचारतो, "तू असशील तर मला ये म्हण," आणि "ये" ऐकल्यावरच पाय बाहेर टाकतो. होडीत अकरा जण बसून राहिले, त्यांना येशू एका शब्दानं रागावलेला नाही. म्हणजे पाण्यावर चालणं हा सगळ्यांसाठी नियम नव्हता. आणि पेत्र एकटाच उतरला, इतरांना होडीतून ढकलून नाही. सोनं तुमच्या सासूबाईंचं आहे. नवऱ्यामागे त्यांच्याजवळ उरलेला तो एकच आधार असेल. स्वतःचा पगार धोक्यात घालण्याचा अधिकार तुम्हाला आहे, त्यांच्या गळ्यातलं नाही. त्या आपणहून देतो म्हणाल्या तरी घेऊ नका, इतकं स्पष्ट सांगतो.

भीतीबद्दल विचारलंत. विश्वास असला की भीती जाते, हे गृहीतक कुठून आलं? येशूनं सांगितलेल्या थैल्यांच्या दाखल्यात धनी परगावी जाताना चाकरांकडे पैसा सोपवतो. त्यातला तिसरा चाकर घाबरला म्हणून चुकला असं आपण समजतो. पण त्याचं बोलणं ऐका: "तुम्ही कठोर आहात हे मला ठाऊक होतं." धन्याबद्दलचं त्याचं मतच तसं होतं, म्हणून त्यानं पैसा जमिनीत पुरला. तुमच्या भीतीत देव कठोर आहे असं मला कुठे दिसलं नाही. तुमची भीती मुलाच्या शाळेची आणि हप्त्याची आहे. ती आईची भीती आहे, तिला मान द्या आणि कागदावर उतरवा.

आपल्याच किनाऱ्यावरचे संत गोन्सालो गार्सिया वसईचे. १५९७ साली ५ फेब्रुवारीला नागासाकीत ते क्रुसावर गेले. त्यांच्याइतका धोका कुणी पत्करला? पण जपानला दुभाषे म्हणून परतण्याआधी अनेक वर्षं ते तिथे राहिले होते, भाषा शिकले होते, व्यापारही केला होता. मोठ्या उडीमागे अशी शांतपणे केलेली तयारी असते, आणि ती तयारीही विश्वासातूनच येते. तुमची १६ वर्षांची नर्सिंग हीच तुमची तयारी आहे.

म्हणून बोलावणं आहे का, या प्रश्नावर मी होकाराकडे झुकतो. वाडीतल्या माणसांनी आपणहून विचारलं, तुम्हाला ते काम येतं आणि ती गरज खरी आहे. माझी शंका सहा खाटांबद्दल आहे.

सहा खाटा म्हणजे चोवीस तास माणूस हवं. तीन पाळ्या आणि सुट्ट्या धरून किमान चार जण. तुम्ही एक आहात. घरात रुग्ण ठेवून शुश्रूषा सुरू केली की १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याचा प्रश्न येतो. पहिल्याच महिन्यात कुणाचा मृत्यू झाला तर नातेवाइकांचे प्रश्न वेगळेच. म्हणून सुरुवात घरोघरी जाऊन करा. माणूस स्वतःच्या पडवीत, स्वतःच्या खाटेवर राहील, आणि तुम्ही स्कूटरवरून त्याच्याकडे जाल. उत्तर केरळात शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवून उभं राहिलेलं वेदनाशामक सेवेचं जाळं याच पायावर आहे: नर्स फिरती, घर रुग्णाचं, स्वयंसेवक गावातले.

त्यात तुमचं खरं काम शिकवण्याचं असेल, हे आधी ओळखा. तुम्ही घरात तासभर असाल, उरलेले तेवीस तास सून असेल. तिला जुन्या लुगड्याची चौपदरी घडी म्हातारीच्या पाठीखाली, खांद्यापासून मांडीपर्यंत घालायला शिकवा. घडी दोन्ही बाजूंनी धरून दोघींनी एकदम उचलली की शरीर न घासता सरकतं. ओढलं की कातडी सोलते आणि तिथूनच जखम सुरू होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं ठेवायचं, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली घडी. माकडहाडावर लाल डाग दिसला तर बोटानं दाबून बघायचं. दाबल्यावर तो फिकट होत नसेल तर जखम आतून सुरू झालीय. कोकणात अजून दोन चुका घरोघर दिसतात: लाल जागी तेल लावून जोरात चोळणं, आणि खाली रबरी गोल चकती ठेवणं. दोन्हींनी तिथला रक्तपुरवठा बिघडतो. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत, ओलीनं कातडी मऊ पडते. हवेची गादी विजेवर चालते आणि वीज जाते, म्हणून तिच्याखाली चार इंची फोम हवाच. भरवताना बसतं करायचं, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. हे तुम्हाला नवं नाही, पण गावात हे सांगणारं कुणी नसल्यामुळेच जखम चिघळल्यावर माणसाला गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं.

मर्यादा पहिल्या दिवसापासून पाळा. औषध लिहून देणं तुमचं काम नाही. कॅथेटर, नाकातली नळी, इंजेक्शन, सलाइन हे डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरच. जवळच्या एका डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, वापरलेल्या सुया न टोचणाऱ्या बंद डब्यात साठवून त्यांच्या दवाखान्याच्या कचऱ्यातच जातील अशी सोय करा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा. रुग्णांत बहुतेक घरं हिंदू असतील, काही मुसलमान. खाटेशी प्रवचन नको. कुणी आपणहून प्रार्थना करा म्हणालं तर तिथेच हात धरून करा.

आता दोरी सोडून बघू. नोकरी सोडली तर तुमचा खर्च महिना ४९,५०० (हप्ता १८,५००, बाकी ३१,०००), पतीचा पगार ३४,०००. तूट १५,५००. गावातली दुसरी चूल ८,०००, ये-जा २,५०० धरा. एकूण तूट २६,०००.

तुमच्याकडे काय आहे? मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० आहे असं लिहिलंत. ग्रॅच्युइटी म्हणजे २६,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १६: दोन लाख ४० हजार. शिल्लक एक लाख ९० हजार. बेरीज चार लाख ३० हजार. बीपी, साखर आणि ऑक्सिजन मोजायची उपकरणं, ड्रेसिंगचं सामान, उसन्या द्यायला दोन हवेच्या गाद्या, स्कूटरची दुरुस्ती यात ४० हजार जातील. एक लाख ३० हजार वेगळ्या मुदत ठेवीत टाका, त्याला हात लावायचा नाही. उरले दोन लाख ६० हजार, म्हणजे दहा महिने. पीएफ या हिशेबात धरलेला नाही, तो काढू नका. तुमची सेवा दहा वर्षांच्या वर असल्यानं ५८ नंतरच्या पेन्शनचा हक्क आहेच.

दहा महिन्यांत तूट भरून निघायला काय लागेल? मुंबईतले मुलगे आईसाठी महिना ३,५०० देतील, आठवड्याला दोन भेटी आणि फोनवर हालहवाल. अशी आठ घरं झाली की २८,०००, त्यातून पेट्रोल आणि हातमोजे २,०००. तूट भरली. आठ घरांमागे तीन घरं फुकट घेतलीत, ज्यांना देणारं कुणीच नाही, तर आठवड्याला २२ भेटी, दिवसाला चारच्या आत. हे एका माणसाला जमतं. फी ठरवताना लाजू नका. "देवाचं काम, पैसे कसे घेऊ" म्हणून पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांना फुकट केलं की सातव्या महिन्यात ती फुकटची तीन घरंही सोडावी लागतात. सार्वजनिक देणगी मात्र न्यास नोंदवल्याशिवाय स्वतःच्या खात्यात घेऊ नका. धर्मग्रामात (तुमच्या चर्चच्या हद्दीत) गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असेल तर त्या तीन घरांचा खर्च त्यांच्यामार्फत येऊ द्या.

आठव्या महिन्यात पैसे देणारी घरं पाचच्या वर नसतील तर परत नोकरी धरायची, हे आत्ताच लिहून ठेवा आणि फादरांना त्यावर साक्षीला घ्या. तारवावरच्या त्या चार नांगरांसारखंच हे तुम्हाला धरून ठेवेल. अनुभवी नर्सला नोकरी परत मिळते, तुमचा हा मोठा आधार आहे, म्हणून अनुभवाचा दाखला आणि कार्यमुक्तीचं पत्र घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. रुग्णालयाचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या दोन महिने आधी घ्या, कारण पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी आजारांना ती लागू नसते.

त्याआधी एक पायरी आहे, आणि तुमच्या परिस्थितीत असलेल्या प्रत्येकाला मी तीच सांगेन. गाव मे महिन्यात बघून निर्णय घेऊ नका. मेमध्ये चाकरमानी आलेले असतात, घरं भरलेली, फणस-आंबे, प्रत्येक म्हातारीजवळ नातवंड. जुलैत जा. साकवावरून पाणी वाहतं, पाणंदीत गुडघाभर चिखल, दोन दिवस वीज नाही, आणि संध्याकाळी सहाला अख्खी वाडी चिडीचूप. बिनपगारी एक महिना रजा घ्या, मुलाला मुंबईतच ठेवा, आणि पाच घरं करून बघा. रोज रात्री वहीत तीनच गोष्टी: किती घरं झाली, किती पैसे आले, आणि झोपताना मन कसं होतं. थकवा येईलच. थकव्याखाली समाधान आहे की कोरडेपणा, एवढं बघा.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियसनी सांगून ठेवलंय की मन कोरडं, खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये. ओळीनं सहा नाईट ड्युट्या झाल्यावर नोकरी सोडावीशी वाटणं हे बोलावणं नसतं, झोप हवी असते. त्यांनीच सुचवलेला दुसरा उपायही करा: ओळखीची नसलेली एखादी नर्स हेच सगळं घेऊन तुमच्याकडे आली, तर तिला काय सांगाल? ते लिहा आणि मग स्वतः वाचा. (त्यांचा सण ३१ जुलैला, आपली मासेमारीबंदी संपते त्याच दिवशी. रजा तोवरची घ्या.)

मिस्टरांचं "देव सांगेल तेव्हा" हे वाक्य मोडायला भांडण नको. त्यांना वरचा हिशेब दाखवा आणि एकच विचारा, "यातला कुठला आकडा तुम्हाला चुकीचा वाटतो?" आकड्यावर बोलायला लागलेला माणूस विचारात सामील झालेला असतो. कदाचित ते म्हणतील, नवव्या महिन्यात मी आजारी पडलो तर? प्रश्न रास्त आहे, एक लाख ३० हजार त्यासाठीच ठेवलेत. मुलालाही विचारा, बारा वर्षांचं पोर गावच्या शाळेबद्दल काय म्हणतं ते. त्याला सातवी संपेपर्यंत मुंबईतच राहायचं असेल तर तुमचा बेत वर्षभर पुढे जाईल, आणि तेवढ्या काळात शिल्लकही वाढेल. म्हातारी माणसं वाट बघत असताना वर्ष फार मोठं वाटेल, हे खरं आहे. पण या वर्षातही दर सुट्टीत दोन-दोन सुनांना ती लुगड्याची घडी शिकवून येता येईल, त्याला राजीनामा लागत नाही.

गटातल्या बाईंना काही पटवायला जाऊ नका. जुलैच्या महिन्यासाठी रोज एक रोझरी म्हणाल का, एवढंच विचारा.

रजेचा अर्ज मात्र याच आठवड्यात द्या. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोनं वॉर्ड भरतात, आणि नर्सांच्या लांब रजा सगळ्यात आधी तेव्हाच नाकारल्या जातात.